म्हातारा स्ट्रायकर, छोटा करार: पैसे वसूल होतात का?

प्रश्न असा आलाय की छत्तीस-सदतीसचा स्ट्रायकर तीन-चार महिन्यांसाठी घेणं म्हणजे नुसता जर्सी विकायचा धंदा की मैदानात पण काही पदरात पडतं. राव, दोन्ही असतं, पण वय बघून ठरवू नका, क्लबला नेमकी कुठली फट बुजवायचीय आणि किती दिवसांसाठी ते आधी बघा.

स्वीडनचा स्ट्रायकर हेन्रिक लार्सन घ्या. जानेवारी 2007, वय 35, मँचेस्टर युनायटेडने दहा आठवड्यांसाठी आणला, कागदावर ते लोन होतं, म्हणजे त्याच्या स्वीडनच्या क्लबकडून, हेलसिंगबोर्गकडून, उसना आणलेला, पण हिशोब तोच. हिवाळ्यात स्वीडनची लीग बंद असते त्यामुळे हेलसिंगबोर्गचं काही अडत नव्हतं आणि युनायटेडचा कोच फर्ग्युसनला रूनी-साहा या स्ट्रायकरांच्या जोडीला एक तयार डोकं मिळालं. पहिल्याच मॅचला व्हिलाविरुद्ध गोल, पुढे चॅम्पियन्स लीगला लीलविरुद्ध हेडर. मार्चमध्ये फर्ग्युसनला तो अजून हवा होता, पण हेलसिंगबोर्गला शब्द दिलाय म्हणून पठ्ठ्या परत गेला. तेरा मॅच, तीन गोल. ऐकायला किरकोळ, पण लीग त्यांनीच जिंकली. 2012 ला आर्सेनलने आपला जुना स्ट्रायकर थिएरी ऑन्रीला बोलावलं तेही असंच, त्यांचे फॉरवर्ड जेर्विन्यो आणि शमाख आफ्रिकन नेशन्स कपला जाणार होते, बास तेवढ्यापुरतं. संडरलंडला इंज्युरी टाइममध्ये 2-1 केलं तो गोल आठवत असेलच.

आता आपलं घरचं उदाहरण, उरुग्वेचा दिएगो फोर्लान. 2016, मुंबई सिटी, वय 37, तेव्हा आयएसएल (आपली इंडियन सुपर लीग) जेमतेम अडीच महिन्यांची असायची आणि प्रत्येक टीमला एक मार्की, म्हणजे मोठ्या नावाचा खेळाडू, लागायचाच, म्हणून बरेच जण म्हणाले की पेन्शन घ्यायला आलाय. अंधेरीच्या स्टेडियममध्ये बसून बघितलेले लोक असं म्हणणार नाहीत. धावणं कमी झालं होतं हे खरंच, डिफेंडरला मागे टाकून पळणं वगैरे विसरा, पण बॉल पायात यायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागे बघायचा आणि मग पहिल्या टचलाच बॉल विंगवर गेलेला असायचा. खाली मिडफिल्डमध्ये येऊन उभा राहायचा, कॉर्नर-फ्रीकिक घ्यायचा, वर पोरांवर ओरडायचा. केरळा ब्लास्टर्सला 5-0 धुतलं त्यात त्याची हॅट्ट्रिक होती, पहिले दोन तर पंधरा मिनिटांच्या आतच. कोच ग्वीमाराइशच्या हाताखाली मुंबई पहिल्यांदाच लीग टेबलात टॉपला आली.

पण खरी गंमत पुढे आहे. सेमीफायनल दोन मॅचची, दोन्हींचे गोल मिळून निकाल; पहिला लेग एटीकेविरुद्ध कोलकात्यात, आपण 3-2 ने मागे, आणि फोर्लानला दुसरं यलो मिळून रेड. दुसऱ्या लेगला अंधेरीत तो नाही. एटीकेचा एक जण हाफटाइमच्या आधीच बाहेर, म्हणजे अख्खा सेकंड हाफ आपण अकरा विरुद्ध दहा खेळलो, छेत्री पण होता आपल्याकडे, आणि तरी 0-0! एक गोल झाला असता तर एकूण स्कोर बरोबरीत आला असता. बॉल होता, माणूस जास्त होता, पण शेवटचा पास कोण देणार तर कोणीच नाही, कारण सगळा सीझन ते काम एकाच माणसाकडे दिलं होतं. त्यात त्याच्या वयाचा काय दोष? क्लबने त्याच्या मागे दुसरं कोणी तयारच केलं नव्हतं.

म्हणून मला इटलीच्या एसी मिलानचा झ्लाटान इब्राहिमोविच जास्त पटतो. अटलांटाकडून 5-0 खाल्ल्यावर डिसेंबर 2019 मध्ये त्यांनी 38 वर्षांच्या माणसाला सहा महिन्यांसाठी घेतलं, लोक हसले, पण त्याच्या बाजूला पळायला लेआव, रेबिच, थिओ अशी पोरं होती आणि तो जखमी असला तरी टीम चालत राहिली. लीगमध्ये 18 मॅच 10 गोल, मग करार वाढत गेला, 2022 ला स्कुडेटो (इटलीच्या लीगचं विजेतेपद) आला तेव्हा तो निम्मा वेळ बाहेर होता आणि गोल जिरू-लेआव करत होते.

त्यामुळे पुढच्या वेळी तुमच्या क्लबने असा कोणी आणला की त्याचे जुने गोल यूट्यूबवर बघत बसू नका, तो सस्पेंड झाला तर फ्रीकिक कोण घेणार आणि बेंचवर दुसरा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, कोण आहे ते आधी शोधा. नावच सापडलं नाही तर लीगच्या मॅचची तिकिटं काढून घ्या, प्लेऑफचं (सेमीफायनल-फायनलचं) नंतर बघू.