वाचक विचारतात: खाडीचं पाणी आणि रंग न आलेली टेस्ट

प्रश्न: ताई, आम्ही खाडीकाठचे. भाचा कॉलेजातून एन्झाइमवालं टेस्ट किट घेऊन आला, आमच्या जेट्टीवरचं पाणी त्यात टाकलं तर गुलाबी रंग आलाच नाही, नळाच्या पाण्याला मात्र आला. तो म्हणतो पाण्यात पारा आहे. घरात सगळे घाबरलेत, मासळी बंद करू का? — एक वाचक, रायगड

उत्तर: दादा, आधी भाच्याला सांगा की थोडा दम धर.

या किटमध्ये बहुतेक युरिएज नावाचं एन्झाइम असतं. ते युरिया फोडून अमोनिया बनवतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि रंग बदलतो. पारा, चांदी, तांबं असले धातू एन्झाइमला चिकटले की (पाऱ्याला तर त्यातल्या गंधकाची भारी ओढ) ते काम सोडून बसतं, रंग येत नाही. म्हणजे इथे रंग न येणं हीच वाईट बातमी. कच्च्या सोयाबीनच्या पिठातही हे एन्झाइम असतं, मी घरी करून पाहिलं, दोन वाट्यांत पीठ, पाणी, चिमूटभर युरिया आणि हळद लावलेला कागद, पहिल्या वाटीतला कागद थोड्या वेळाने लालसर झाला, दुसरीत मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकलेलं तर तो पिवळाच. आता मोरचुदाचं पाणी स्वतःच थोडं आम्लधर्मी, त्यामुळे याला पक्का पुरावा म्हणता येणार नाही, पण गंमत कळते. पीठ भाजलेलं नको, उष्णतेने एन्झाइम मरतं. पशुखाद्यवाले सोयापेंड नीट शिजलीय का ते याच युरिएजवरून बघतात. (आणि त्या वाट्या परत स्वयंपाकाला वापरू नका, मी फेकून दिल्या.)

आता तुमच्या जेट्टीचं पाणी. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, खाडीत भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त. नुसत्या खारेपणानेही एन्झाइम मंदावू शकतं, वर समुद्राचं पाणी पीएच (आम्ल-अल्कपणा) सहजासहजी बदलू देत नाही, त्यामुळे रंग उशिरा येतो किंवा येतच नाही. नळाच्या पाण्याशी तुलना केलीत तिथेच फसलात. तुलना करायची ती तेवढ्याच खारट स्वच्छ पाण्याशी. उलटी भानगडही आहे बरं का, त्या मिठातलं क्लोराइड कॅडमियम आणि पाऱ्याला धरून बसतं, म्हणजे धातू असूनही एन्झाइमला कमी फटका बसून रंग छान येऊ शकतो!

खाऱ्या पाण्यासाठी मला तरी चमकणाऱ्या समुद्री जिवाणूंची टेस्ट जास्त पटते. त्यांना मीठ लागतंच, आणि पाणी विषारी असलं की त्यांचा उजेड मंदावतो, तो मोजायचा. पण तीही काय किंवा तुमचं किट काय, राखणीचा कुत्रा आहे. भुंकला म्हणजे कोणीतरी आलंय, चोर की पोस्टमन ते बघायला आपल्यालाच उठावं लागतं. एक युक्ती सांगते, नमुन्यात ईडीटीए (धातूंना पकडून ठेवणारं रसायन) टाकून परत टेस्ट करतात, एन्झाइम सुधारलं तर दोष धातूचा असण्याची शक्यता जास्त, नाही सुधारलं तर दुसरंच काहीतरी बघावं लागतं. कुठला धातू आणि किती, ते लॅबमधलं मशीनच सांगणार.

मासळीचं म्हणाल तर किटवर ठरवूच नका, ना घाबरायला ना निर्धास्त व्हायला. जपानात मिनामाताला 1956 मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला, कारखान्याचं पारामिश्रित पाणी थांबलं 1968 मध्ये, आणि लोकांना बाधा झाली ती पाणी पिऊन नाही, मासे-शिंपल्या खाऊन. मिथाइल पारा (पाऱ्याचं शरीरात साठणारं रूप) छोट्या माशातून मोठ्यात साठत जातो, मांसातच बसतो, तळून उकडून जात नाही. म्हणून मुशी, ट्यूना, मोठी सुरमई जरा कमी, तारली-बांगडा जास्त, गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर नक्कीच. शंका असेल तर पाण्याआधी मासा तपासून घ्या.

पाणीही पाठवायचंच असेल तर दोन बाटल्या भरा. धातू मोजायच्या बाटलीत लॅबवाले आम्ल घालून देतात, पाऱ्यासाठी काचेची मागा, बिसलेरीची रिकामी बाटली नको. एन्झाइम टेस्टसाठीची वेगळी, बिनआम्लाची, नाहीतर आम्लानेच एन्झाइम मरेल आणि भाचा परत म्हणेल, बघा मामा, पारा!