खिशात पैसे नाहीत, मग सेवा कशी करायची?

प्रश्न: मी खानापूरचा, दुकानात कामाला आहे. दर रविवारी चर्चला जातो पण गरिबांना द्यायला पैसे उरतच नाहीत, मग माझा विश्वास नुसता तोंडाचाच का?

उत्तर: नाही हो, असं कोण म्हणालं? बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25 वा अध्याय वाचा, तिथं उपाशी, तहानलेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला असे सहा जण आहेत आणि आजाऱ्याची नुसती विचारपूस केली तरी येशू ती स्वतःची सेवा धरतो. तुम्हाला कन्नड वाचता येतं ना? मग सुट्टीदिवशी बेळगावला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जा की, महाराष्ट्रातल्या चंदगडकडनं आलेली म्हातारी माणसं हातात फॉर्म धरून उभी असतात, कन्नड अक्षर कळत नाही, कुठल्या खिडकीवर जायचं माहीत नाही. फॉर्म भरून द्या, एक्स-रेच्या लाईनीत सोबत थांबा, सोबतीला आलेल्याला चहा पाजा. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुली, विधवा आणून सांभाळल्या, ते सगळ्यांना झेपेल असं नाही.

एकच विनंती, कॉटजवळ बसून लगेच धर्माची पत्रकं काढू नका, आजारी माणूस अडलेला असतो, त्याला नको म्हणता येत नाही. आणि सेल्फी तर अजिबात नको, मत्तय 6 मध्ये उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नको म्हटलंय.