होई आन टिकेल का?

प्रश्न : आम्ही नुकतेच व्हिएतनाममधील होई आन पाहिले. कंदिलांनी उजळलेले ते गाव मनात भरले. पण जवळजवळ प्रत्येक घराचे दुकान झालेले दिसले. हे गाव असेच टिकेल का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकांत भरभराटीला आलेले हे बंदर थू बोन नदी गाळाने भरू लागल्यावर मागे पडले, व्यापार जवळच्या दा नांग बंदराला गेला, आणि नव्या बांधकामासाठी पैसाच न राहिल्याने जुनी लाकडी घरे जशीच्या तशी उरली. 1999 मध्ये युनेस्कोने या जुन्या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता तीच नदी खरा धोका आहे. जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा वर्षासह नोंदवलेल्या दिसतात. माळ्याला चौकोनी झडप असते. पाणी चढू लागले की त्यातून सामान दोरीने वर ओढून घेतात. माणसांची ही सवय मोलाची आहे, परंतु वारंवार भिजणारे लाकूड कुजते, वाळवी लागते आणि दुरुस्तीसाठी जुन्या पद्धतीचे सुतारकाम जाणणारा कारागीर लागतो. गावातला जुना जपानी पूल कित्येक महिन्यांच्या दुरुस्तीनंतर 2024 मध्ये पुन्हा खुला झाला, तो अशाच कसबामुळे.

दुकानांची चिंता मला पुराहूनही अधिक वाटते. घर दुकानासाठी भाड्याने देऊन कुटुंब बाहेर राहू लागले, तर पहाटे पाणी चढताना माळ्यावर दोरी ओढायला कोण असणार? म्हणून पुन्हा गेलात, तर जिथे कुटुंब अजून राहते, अशाच घरी आवर्जून उतरा.