कॉलेजची असाइनमेंट 'फॉर्मल' पाहिजे म्हणजे नक्की काय करायचं?

आधी कोर्सची सूचनापत्रिका नीट वाच, कारण सरांनी एपीए सांगितलंय की एमएलए (पेपरची मांडणी आणि संदर्भ कसे द्यायचे याच्या या दोन ठरलेल्या पद्धती) यावर अर्धं काम ठरतं आणि दोन्हीची खिचडी केली की मार्क जातात. दोन्हींत पानाच्या चारी बाजूंना १ इंच समास आणि डबल स्पेसिंग, फॉन्ट वाचायला सोपा, टाइम्स न्यू रोमन १२ घेतलास तरी चालतंय. एपीएत वेगळं टायटल पेज लागतं, एमएलएत शक्यतो नाही, पहिल्याच पानावर डावीकडे नाव, सरांचं नाव, कोर्स, तारीख.

खरी गोची संदर्भांची होते. एपीएत कंसात लेखकाचं आडनाव आणि साल, एमएलएत आडनाव आणि पान नंबर. आणि हे फक्त अवतरणालाच नाही हं, दुसऱ्याचा विचार तू स्वतःच्या शब्दांत मांडलास तरी संदर्भ द्यावाच लागतो, बरीच हुशार मुलं इथेच अडकतात, मुद्दाम चोरी करत नाहीत पण नोट्स काढताना कुठलं वाक्य कुणाचं ते लिहून ठेवत नाहीत आणि मग शेवटी सगळं आपलंच वाटायला लागतं. म्हणून नोट्स काढतानाच पान नंबर टाकत जा. एपीएत ४० किंवा जास्त शब्दांचं अवतरण असेल तर अवतरणचिन्हं न लावता वेगळा परिच्छेद, आत सरकवून.

भाषा फॉर्मल म्हणजे जड शब्द नव्हेत, प्लीज. वाक्य सरळ लिही, 'सगळ्यांना माहीतच आहे' टाइप विधानं काढून टाक आणि दाव्याला पुरावा दे. सबमिट करायच्या आधी एकदा मोठ्याने वाच, अडखळलास तिथे वाक्य तोड.