दोन खोल्यांच्या घरात पोटाचं डायलिसिस केलं तर इन्फेक्शन होईल का?

वडिलांना सीएपीडी (नळीवाटे पोटात बॅगेतलं पाणी सोडून काही तासांनी काढायचं, असं घरीच करायचं डायलिसिस) सुचवलंय, पण घर दोन खोल्यांचं आणि लहान मुलांचं, म्हणून भीती वाटते, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. सासूबाईंच्या बॅगा साडेतीन वर्षं बदलल्या, तेवढाच माझा अधिकार.

आमचंही घर दोन खोल्यांचंच. खोलीपेक्षा जपायचे ते काही सेकंद, नळीचं टोपण निघालेलं आणि बॅग अजून जोडलेली नाही तेव्हाचे. हे दिवसातून चार वेळा. पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क, हात साबणाने धुऊन कोरडे केलेले. ओल्या हातावरून पाण्यातले जंतू नळीला लागतात.

आमच्याकडे घोटाळा झाला गौरीजेवणाच्या दिवशी. बाहेर पानं मांडलेली, मी घाईत, त्यात पाहुण्यांच्या पोराने धाडकन दार उघडलं आणि बॅगेच्या नळीचं टोक पदराला लागलं. दोन लिटरची बॅग वाया कशाला घालवायची म्हणून मी तसंच जोडलं. कुणाला बोललेही नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचं पोट दुखायला लागलं आणि निघालेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं. भरलेल्या बॅगेखाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं वाचता यायला हवीत, असं नर्सताईंनी शिकवलं होतं. त्या दिवशी मथळासुद्धा लागेना.

ती बॅग घेऊनच दवाखाना गाठला. (फेकू नका, तपासणीला तेच पाणी लागतं.) पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचं इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिक बॅगेतूनच पोटात सोडलं, दोन आठवडे. कॅथेटर, म्हणजे पोटात बसवलेली नळी, वाचला, बुरशीचं इन्फेक्शन असतं तर काढावाच लागला असता.

टोक कशाला लागलं तर ती बॅग बाद. अंगाकडच्या नळीचं टोक लागलं तर क्लॅम्प बंद ठेवून लगेच सेंटरला फोन. कॅथेटर बाहेर येतो ती जागा रोज बघा, लाली किंवा पू दिसला तर थांबू नका. आणि वडिलांचं पोट रोज साफ होऊ द्या. बद्धकोष्ठात आतड्यातले जंतूही त्या आवरणाकडे उतरू शकतात. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सेंटरमध्ये पेरिटोनायटिसचं प्रमाण जरूर विचारा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे ते रुग्णामागे वर्षाला ०.४ च्या वर जाऊ नये, म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकदा.

मुलांचं म्हणाल, तर त्या गौरींनंतर बॅग बदलताना मी दाराच्या कडीला लाल ओढणी बांधायचे. ओढणी दिसली की शेजारचं शेंबडं पोरसुद्धा बाहेर थांबायचं.