मिक्सरवरून आयरिव्हरमध्ये रेकॉर्डिंग करताना

भजन रेकॉर्ड करायला आयरिव्हर एच१२० हा जुना खिशातला म्युझिक प्लेअर हाताशी असेल तर वेगळा रेकॉर्डर घेऊ नकोस. त्याला खरं लाइन-इन (मिक्सरसारख्या यंत्राचा सिग्नल थेट घेणारं सॉकेट) आहे आणि रॉकबॉक्स हे त्याच्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर टाकलंस की डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, रेकॉर्डिंग होतं, आवाजाची पातळी दाखवणारा मीटरही दिसतो. भजनाच्या मिक्सरला ‘टेप आउट’च्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना (गोल सॉकेट) असतील तर तिथूनच सिग्नल घे.

केबलसाठी जुना इअरफोन कापायचा मोह होईल, पण त्यातल्या केसासारख्या तारांवर लाखेचा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. शिल्डेड वायर (बाहेरून जाळीचं आवरण असलेली) आण. ३.५ मिमी जॅकचं टोक डावा, मधली कडी उजवा, बुडाचा भाग ग्राउंड.

मिक्सरला फक्त बॅलन्स्ड आउट (एकच सिग्नल सुलट आणि उलट अशा दोन तारांवर देणारं) असेल तर स्टिरिओ केबल सरळ खुपसू नकोस. दोन्ही बाजूंना तोच आवाज येतो, पण एक उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकत्र केले की एकमेकांना खोडणारा. हेडफोनवर नुसतं विचित्र वाटेल; मोबाइलच्या एका स्पीकरवर मात्र बुवाच गायब! मिक्सरकडच्या जॅकचं टोक आणि ग्राउंड तेवढं जोड, कडी मोकळी सोड.

अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलला तर हातच लावू नकोस.

रेकॉर्डिंगची लेव्हल संथ अभंगावर ठरवू नकोस. गजराला टाळ-पखवाज चढले तरी मीटर उणे ६ डेसिबलच्या खालीच राहायला हवा.