इंदूरच्या सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातल्या खाद्यफेरीच्या बुकिंग फॉर्ममध्ये पथ्यपाणी कसं विचारावं?

गूगल फॉर्ममध्ये ‘काही पथ्य?’ असा मोकळा रकाना नको. लोक ‘नाही’ लिहितात आणि ऐन ठेल्यापाशी सांगतात. टिक करायच्या चौकटी द्या: जैन, उपवास, शेंगदाण्याची ॲलर्जी, तिखट नको. गराडू हा कंद, जैन पाहुण्यांना चालत नाही; साबुदाणा खिचडीत दाणे असू शकतात, म्हणून ॲलर्जीचं विचारणं अनिवार्यच करा.

एक अडचण येते. चौकटींच्या उत्तरावरून पुढचा विभाग बदलत नाही, ते एकच पर्याय निवडायच्या प्रश्नालाच जमतं. म्हणून आधी ‘पथ्य किंवा ॲलर्जी आहे का? हो/नाही’ हा अनिवार्य प्रश्न विचारा आणि ‘हो’ला चौकटींचा विभाग जोडा. मोबाइलला १० अंकांची सक्तीही नको, परदेशातून येणाऱ्यांचा फॉर्म तिथेच अडतो.